आईची औषधं

आत्या गेली की बाटल्यांच्या कारखान्यातला निम्म्याहून मोठा वाटा भाच्याच्या पदरात पडणार होता, आणि त्यासाठी त्याला बोटही हलवायचं नव्हतं. अडचण एकच होती. आत्या जात नव्हती.

जमीन आत्याची, पैसा पाहुण्याचा. समुद्रापलीकडून आलेल्या त्या गृहस्थाला सगळे पाहुणाच म्हणत. परक्याला इथे निम्मी मालकी मिळत नसे. मोठा वाटा इथल्या घराचाच हवा. आता घर म्हणजे कोण, हे कायदा करणाऱ्यांनी लोकांना विचारलं, तेव्हा लोक म्हणाले, नाती काय कागदावर असतात? बाईने आपला म्हटलं आणि घरातल्या कर्त्या पुरुषाने चारचौघांत दुजोरा दिला, की तो घरचा. तेच कायद्यात उतरलं.

भाच्याला हे कलम पाठ होतं. तो आत्याच्या चुलतभावाचा मुलगा, म्हणजे नात्याने लांबचाच. पण निपुत्रिक आत्याने भर लग्नात "हा माझाच" म्हटलं, त्याच्या बापाने मान डोलावली, आणि भाचा वारस झाला. बाप गेल्यावर कर्ता पुरुषही तोच.

पाहुण्याला शिकण्याची मोठी हौस. बूट कुठे काढायचे, म्हाताऱ्या माणसाशी किती वाकून बोलायचं, सगळं विचारून घ्यायचा. प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचा, "तुमच्याकडे असंच असतं ना?" भाचा घरी येऊन त्याची नक्कल करी आणि बायको हसून लोळे.

कारखाना सुरू झाला त्या दिवशी भट्टीसमोर सगळं गणगोत जमलं होतं. पाहुणा आत्यासमोर वाकला. "ह्याला आई नाही का रे?" आत्याने भाच्याला विचारलं. पाहुण्यानेच नाही म्हणून सांगितलं. भाच्याच्या अंगात थट्टा शिरली. त्याने आत्याचा हात धरून पाहुण्याच्या डोक्यावर ठेवला. "घे आत्या, म्हातारपणी आयता मुलगा झाला तुला. बाळंतपणाचाही खर्च नाही." हशा पिकला. "हो, हा माझाच," आत्या म्हणाली. कारखान्याचा कारकून मोबाइलवर सगळं टिपत होता.

पुढे आत्याचं हृदय कुरकुरू लागलं. पाहुण्याने आपल्या देशातून औषध मागवलं. गोळ्यांची खोकी तो स्वतः घेऊन येई आणि शेजारी नर्स उभी असली तरी भाच्याच्याच हातात देई. "घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्यायचं. तुमच्याकडे असंच असतं ना?"

"अगदी," भाचा म्हणे.

खोकी त्याच्या कपाटात, जुन्या कोटांच्या मागे जात. काही दिवसांत नर्सलाही त्याने खर्चाचं कारण सांगून नारळ दिला. रोज रात्री आत्याच्या तळहातावर तो लहान मुलांच्या खोकल्याची गोळी ठेवी.

"हल्ली गोळी गोड लागते रे," आत्या एकदा म्हणाली. "आधीची कडूजहर होती."

"औषध सुधारलं, आत्या."

"औषध सुधारतंय आणि मी बिघडतेय." तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग गोळी गिळली. "तू देतोस म्हणजे बरोबरच असेल."

पाहुणा विचारी, औषध नीट चालू आहे ना? नियमाने, भाचा सांगे. आत्याला मात्र पाहुणा त्यातलं काही विचारत नसे. आजाऱ्याला आजाराची आठवण करून देऊ नये, हेही तो इथेच शिकला होता.

आत्या एका दुपारी गेली. भाचा इतका रडला की शेजारणींनी त्याचं उदाहरण आपापल्या मुलांना दिलं.

सुतकाचे दिवस सरल्यावर कंपनीच्या वकीलबाईंनी त्याला ऑफिसात बोलावलं. तो नवा शर्ट घालून गेला. पाहुणा कोपऱ्यात बसला होता, डोळे सुजलेले. वकीलबाईंनी मोबाइल समोर ठेवला. भट्टीची धग, गणगोत, आणि भाच्याचाच खणखणीत आवाज: आयता मुलगा झाला तुला. मग आत्याचा: हा माझाच.

"अहो, ती थट्टा होती."

"कायद्यात थट्टेचं कलम नाही," वकीलबाई म्हणाल्या. "बाईंनी आपला म्हटलं, तुम्ही मुलगा म्हणून दुजोरा दिलात, चारचौघं हजर होते. हे घरचे झाले, म्हणजे परके राहिले नाहीत. आणि मुलगा असताना भाच्याकडे काही जात नाही."

भाच्याने मनातल्या मनात गोळाबेरीज केली. पाहुण्याचा वाटा पाहुण्याकडे, आत्याचाही पाहुण्याकडे, जमीनसुद्धा. त्याच्या वाट्याला उरला तो नवा शर्ट. तो भांडायला उठला.

पाहुणाही उठला. त्याने भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला, थोरल्या भावाच्या ठेवावा तसा, आणि हळू आवाजात विचारलं, "दादा, आईची औषधं तुमच्याच कपाटात आहेत ना अजून?"