एका बाहीचा स्वेटर

विणकामाच्या ग्रुपवर आक्कांचा शब्द शेवटचा. लिहिता फारसं येत नव्हतं, पण फोनशी बोललं की तोच लिहून द्यायचा. आज त्यांनी सुनावलं, "मशीनच्या स्वेटरात नुसती लोकर असते, ऊब नसते." सोबत होणाऱ्या नातवंडासाठी चाललेल्या पिवळ्या स्वेटरचा फोटो टाकला. पहिली बाही जेमतेम कोपरापर्यंत आली होती.

लगेच खाली कुणा अनोळखी बाईने फोटो टाकला. तसाच पिवळा स्वेटर, आतली बाजू वर केलेला, पण एक बाही पूर्ण.

"नक्कल करतेय मेली," आक्का फणकारल्या.

अवघडलेली सून वाकून बघू लागली. "आई, हिच्या स्वेटरचा गळ्याशी टाका सुटलाय. आणि मागे आपलीच खुर्ची आहे." एवढं बोलून ती कंबर धरत आत पडायला गेली.

आक्कांनी हातातला स्वेटर उलटा केला. गळ्याशी सुटलेला तो टाका त्यांनी आतून दडवला होता, कुणालाच कळू दिला नव्हता.

तरी तोरा सुटेना. त्या फोनला म्हणाल्या, "काय गं, दुसरी बाही कावळ्याने नेली का?"

उत्तर आलं, "दुसरीची गरजच उरली नाही."

तेवढ्यात आतून सुनेची हाक आली, "आई, जरा लवकर या."