म्हाताऱ्याचा अर्ज

“आणि ज्याला आपला आजार ठाऊकच नाही, त्यानं काय लिहायचं?” म्हाताऱ्यानं विचारलं.

नासिमियूनं पेन खाली ठेवलं. म्हातारा सलग चौथ्या बुधवारी तिच्याकडे आला होता.

“ठाऊक नाही असंच लिहायचं, बाबा. ठाऊक असून लपवलं, तर कंपनी ऐन वेळी हात वर करते. पण खरोखरच ठाऊक नसेल, तर त्याला कोण काय बोलणार?”

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि चहाचा घोट घेतला.

केनियातल्या बुंगोमा गावात, बाजाररस्त्यावर, मक्याच्या दुकानाच्या माडीवर तिचं ऑफिस होतं. भिंतीवर ब्रोकरचा परवाना टांगलेला. ती कुठल्या एका कंपनीची बांधील नव्हती. चार कंपन्यांचे आरोग्यविमे समोर मांडायची, बारीक अक्षरातलं वाचून दाखवायची आणि गिऱ्हाइकाला झेपेल तो घ्यायला सांगायची. बहुतेक लोक दोन खेपांत निर्णय घेत. हा गृहस्थ मात्र नुसते प्रश्न विचारायचा.

“मोठा आजार निघाला तर पहिल्या दिवसापासून खर्च देतात?”

“नाही. किडनी, हृदय, असल्या आजारांना एक वर्ष थांबावं लागतं.”

“एक वर्ष,” तो स्वतःशीच म्हणाला. मग त्यानं विचारलं, “तुझा स्वतःचा विमा कुठल्या कंपनीचा?”

पलीकडच्या टेबलाशी बसलेली तिची सहकारी रोझलिन खुदकन हसली. “हिचा? ही गावाला छत्र्या विकते आणि स्वतः भिजते.”

“घेईन की,” नासिमियू ओशाळून म्हणाली. “मला साधा तापसुद्धा येत नाही.”

म्हातारा उठला. “स्वयंपाकीण ज्या भांड्यातलं खात नाही, त्यातलं मीही खाणार नाही. तू घे, मग मी घेतो.”

तो जिना उतरून गेल्यावर रोझलिन म्हणाली, “फुकट चहा प्यायला येतो गं. तू पण कुठे नादी लागतेस?”

पण नासिमियूला ते लागलं. महिनाभर म्हातारा दर बुधवारी येत राहिला आणि ती स्वतःलाच टोचून घेत राहिली. शेवटी तिनं एक अर्ज काढला आणि गिऱ्हाइकाचा भरावा तसा नीट भरला. आईच्या आजारांत रक्तदाब लिहिला. आई, रोदा, त्यातच गेली होती. वडिलांच्या रकान्यात लिहिलं, ‘माहीत नाही’. ते खरंच होतं. ती दोन वर्षांची असताना माणूस सीमेपलीकडे युगांडात गेला, तो परतलाच नाही. आईनं त्याचा विषय घरात कधी काढू दिला नाही.

पुढच्या बुधवारी तिनं पॉलिसी म्हाताऱ्यासमोर ठेवली. “घ्या, बाबा. आता तुमची पाळी.”

त्यानं कागद हातात घेतला आणि तारीख दोनदा वाचली.

“छान,” तो म्हणाला. “येतो मी.”

आणि तो आलाच नाही. रोझलिनला आठवडाभर हसायला विषय मिळाला. नासिमियूला मात्र राग आला, नंतर उगाच काळजी वाटली. त्यानं नावगाव काहीच सांगितलं नव्हतं; चौकशी तरी कुठे करणार?

मका पेरून झाला, कापून झाला. तिच्या पॉलिसीला वर्ष झालं, तिनं नूतनीकरण केलं. त्यानंतरच्या बुधवारी जिन्यावर संथ पावलं वाजली. म्हातारा निम्मा झाला होता. पाय सुजलेले, चेहरा राखेसारखा. दारातच तो धाप टाकत उभा राहिला.

“बसा, बाबा. कुठे होतात?” तिनं खुर्ची पुढे केली.

“तुझा विमा चालू आहे ना?”

“चालू आहे. वर्ष झालं त्याला.”

“मग आता मला अर्ज दे.”

ती चाचरली. “बाबा, खोटं नाही बोलत. तुमची तब्येत बघता कंपनी बहुधा नाही म्हणेल.”

“म्हणू दे. मला फक्त खरं लिहायचंय.”

त्यानं नावगावाचं पहिलं पान तसंच कोरं उलटलं आणि दुसरं भरायला घेतलं. बराच वेळ लागला. नासिमियूनं चहा मागवला, तो निवून गेला. अखेर त्यानं कागद तिच्याकडे सरकवला आणि हात मांडीवर ठेवून बसला.

ती सवयीनं वाचू लागली. अर्जदाराचा आजार: दोन्ही किडन्या निकामी, आजार घराण्यातला, वडील व भाऊ यातच गेले, मुलांना होण्याचा संभव.

त्याखाली मुलांचा रकाना होता. मुलगी एक. नाव नासिमियू, वय चौतीस, आई कै. रोदा, धंदा विमा ब्रोकर. या आजाराची कल्पना: आजपर्यंत नव्हती.