बिनपाण्याची धुलाई

“पाणी? पाणी कशाला हवं? ही गाडी आहे, म्हैस नव्हे!”

चमकरावांनी फवाऱ्याची बाटली पिस्तुलासारखी रोखली आणि काळ्याभोर बॉनेटवर फुस्स केलं. पोर्चमध्ये जमलेले शेजारी उगाचच एक पाऊल मागे सरले. चमकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, गल्लीनं ठेवलेलं. कौतुकानं ठेवलंय, असं फक्त त्यांनाच वाटायचं.

गाडी त्यांनी तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. मुलीनं दार लावलं की “हळू!” बायको आत बसली की “पर्स मांडीवर घे, बक्कल घासेल!” त्यात शेजारच्या प्लॉटवर आठवडाभर खोदकाम चाललेलं. गाडीवर वाळूमातीचा असा थर बसला होता की कुणी चुकून बी टाकलं असतं तर उगवलं असतं.

“अहो, वाळू आहे ती,” दारात उभी असलेली बायको म्हणाली. “आधी पाणी मारून उडवून तरी घ्या.”

“बघा!” चमकराव शेजाऱ्यांकडे वळले. “बाटलीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, पाण्याची गरज नाही. पण हिला पाणी हवंच! अगं, लायसन्स मिळालं म्हणजे गाडीतलं कळायला लागतं असं नसतं.”

लायसन्सवरून सकाळीच खडाजंगी झाली होती. मुलगी झाल्यावर सोडलेलं काम बायकोला इतक्या वर्षांनी पुन्हा मिळालं होतं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत. उद्या पहिला दिवस. आणि तिकडची पहिली बस सुटायच्या आधीच तिथे हजर व्हायचं होतं. चमकरावांचं ऑफिस गल्लीच्या तोंडाशी. गाडी दिवसभर पोर्चमध्ये झोपा काढायची.

“ओरखडा पडला म्हणजे?” चमकराव म्हणाले होते.

“मी अजून चालवलीच नाही, तर पडेल कसा?”

“तेच तर सांगतोय! चालवली नाहीस म्हणूनच पडला नाही.”

किल्ली चमकरावांच्या खिशात गेली आणि वरून हुकूम सुटला, “जमणार नाही म्हणून संध्याकाळच्या आत कळवून टाक त्यांना.” तिनं फोन मात्र अजून केला नव्हता.

आता पोर्चमध्ये चमकरावांना नुसतं उधाण आलं होतं. फुस्स, आणि फडकं गोल गोल. फुस्स, आणि पुन्हा गोल गोल. बॉनेट झालं, दारं झाली, स्टुलावर चढून छप्पर झालं. फडकं तेच, वाळूही तीच, फक्त जोर वाढत गेला. खर्र खर्र आवाज यायला लागला तेव्हा समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी कान टवकारले.

“घाण सुटतेय,” चमकरावांनी समजावलं.

आणि काय सांगावं, पोर्चच्या सावलीत गाडी खरंच लखलखली! डॉक्टरांनी वाकून बॉनेटमध्ये स्वतःचे दात पाहिले. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी बाटली कुठे मिळते ते विचारलं. दोन-चार टाळ्याही पडल्या.

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण शहाणपण आणि चमकराव यांची कधी ओळखच करून दिली नव्हती कुणी.

“हे तर काहीच नाही. उन्हात काढतो, मग बघा!” असं म्हणून त्यांनी गाडी ऐटीत मागे घेतली आणि भर उन्हात उभी केली.

सगळ्यांनी वाकून पाहिलं.

जिथे जिथे फडकं फिरलं होतं तिथे तिथे ओरखडे. एक-दोन नव्हे. बारीक, गोल, एकात एक गुंतलेले, जणू शंभर कोळ्यांनी बॉनेटवर संसार थाटलाय आणि पाहुणे छपरावर उतरवलेत.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “ही डिझाइन बाटलीतच येते का?”

बिनपाण्याची गाडी धुता धुता चमकरावांच्याच तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरांनी चष्मा सारखा केला. “हे आत्ताचंच दिसतंय हो.”

चमकरावांपुढे दोनच वाटा होत्या. एक, सगळ्या गल्लीसमोर सांगायचं की ज्या गाडीला मी कुणाला बोट लावू देत नाही ती मीच वाळूनं घासली. दुसरी वाट दारात उभी होती.

“आत्ताचं? छे छे!” ते हसले. “जुनेच आहेत ते. आज गाडी स्वच्छ झाली म्हणून दिसले. ही चालवते ना गाडी!”

“वहिनी चालवतात?” शिंपीणबाई चकित झाल्या. “कधी दिसल्या नाहीत त्या.”

“पहाटे नेते ना. तुम्ही झोपेत असता.” एकदा सुटलेली जीभ आता कुणाच्या बापाला ऐकेना. “रोज नेते. मी कधी अडवत नाही. म्हटलं, ओरखडे काय, पडायचेच. गाडीपेक्षा माणूस मोठं. मी काय मागासलेला आहे?”

सगळ्या नजरा दाराकडे वळल्या. मुलीनं तोंड उघडलं, पण आईनं नुसतं पाहिलं आणि ते मिटलं. बायको पायऱ्या उतरून खाली आली. बॉनेटवरून तिनं सावकाश बोट फिरवलं.

“हो,” ती म्हणाली. “गाडी मीच चालवते.”

चमकरावांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिनं सगळ्या गल्लीसमोर त्यांच्यापुढे हात पसरला.

“आणा किल्ली. उद्या पहाटे पुन्हा न्यायचीय.”