सोयरिकीआधीचं जेवण

लंडनमधल्या नेपाळी हॉटेलात शिरल्यापासून शालूबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरगा धैर्यशील सारखा स्वयंपाकघराकडं बघत होता आणि वाढणारी मालकीण पाहुण्याला करावा तसा आग्रह करत होती. गावाकडनं, कबनूरहून आणलेली चटणीची डबी शालूबाई पिशवीतल्या पिशवीत चाचपत राहिली. वरणभात निम्मा संपला तेव्हा पोरगा म्हणाला, "आई, ह्यांच्याच पोरीशी मला लगीन करायचंय." हातातला घास हातातच राहिला. पोरगी बघायला गेलं की पोह्यांवर उठायचं, सोयरीक जुळल्याशिवाय त्या घरी जेवायचं नाही, हे तिनं जन्मभर पाळलं होतं. "आन् तू मला आधीच जेवाय बसवलंस व्हय रं?" मालकिणीला शब्द कळले नाहीत, आवाज कळला, तिची पळी हवेतच थांबली. शालूबाईनं उष्ट्या ताटाकडं बघितलं, डबी काढून मालकिणीपुढं ठेवली आणि म्हणाली, "जेवण तर झालं. आता पोरगी दाखवा की!"