पडताळ्याची जागा

“कोणतं अक्षर काढायचं, बाबा?” गंधालीने पेन्सिल उचलत विचारले.

“ज्याची किंमत हवी आहे, ते.” नंदकुमार सरांनी डोळेही उघडले नाहीत. “नववीत हेच विचारायचीस. चाळिशी उलटली, प्रश्न तोच.”

सकाळचे अकरा वाजायला आले होते. मुलुंडच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पलंगाला लागून प्राणवायूचा सिलिंडर उभा होता. एरवीचे विजेवरचे यंत्र दुरुस्तीला गेले होते. दुसरा, भरलेला सिलिंडर गॅलरीत होता. पण तो आत ओढून, पान्याने आवळून जोडणे हे सरांच्या शक्तीबाहेरचे काम. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंतची बारा पावले त्यांना दोन महिन्यांत जमली नव्हती. मुलगा मिहिर कंपनीच्या कामासाठी चेन्नईला होता. मदतीला ठेवलेल्या सुंदराबाईंना सरांनी एकोणिसाचा पाढा विचारून विचारून तिसऱ्या दिवशी पळवून लावले होते. उरली ती सून.

सून होण्याआधी गंधाली त्यांची विद्यार्थिनी होती. एकदा फळ्यावर तिने विचारलेले सोडून भलतेच अक्षर काढले, तेव्हा सरांनी ते उत्तर तिच्याच ओढणीने पुसायला लावले होते. “विचारलं काय, काढलं काय!” हा प्रसंग ते प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ऐकवीत. पाहुणे हसत. गंधाली कपबश्या गोळा करी.

आज तिच्या आईचे वर्षश्राद्ध होते, बोरिवलीला.

गेल्या वर्षी आई गेली त्या दिवशी वीज नव्हती. यंत्र बंद आणि सिलिंडर चालू होता. सरांनी तेव्हाही हेच गणित घातले होते. साठा भागिले प्रवाह. काळ दोन तास निघाला. दोन तासांत मुलुंडहून बोरिवलीला जाऊन परत येता येत नाही. गंधाली गेली नाही. सरांनी तिचा कागद तपासून ‘बरोबर’ अशी खूण केली होती. फक्त पडताळा दिला नाही म्हणून एक गुण कापला होता.

“साठा नऊशे साठ लिटर,” सर म्हणाले. “सूत्र मांड. हवं ते अक्षर एका बाजूला एकटं घे, बाकीचं पलीकडे जाऊ दे. आणि मग सांग मला, किती वाजता परत येणार ते.”

प्रवाह किती, हे त्यांनी सांगितले नाही. सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही. डॉक्टरांनी मिनिटाला चार लिटर ठरवून दिले होते, आणि ते घरात सर्वांना ठाऊक होते. त्याहून कमी झाले की अर्ध्या तासात सरांचे ओठ निळे पडत. चारने भागले की चार तास, अकराचे तीन. जाऊन येण्यातच तीन तास. पिंडाला नमस्कार करायचा, आणि पान वाढायच्या आत उठायचे. एवढे सरांनी मनातल्या मनात केव्हाच करून ठेवले होते. सुनेने ते स्वतःच्या हाताने लिहावे, इतकीच त्यांची इच्छा होती.

गंधालीने लिहिले. तिला फार वेळ लागला नाही. कागद तिने त्यांच्या उशाशी ठेवला, तो उडू नये म्हणून त्यावर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर ठेवले, शेजारी लाल पेन ठेवले. मग ती सिलिंडरपाशी वाकली.

“तुमचा फोन ओट्यावर चार्जिंगला लावलाय,” ती म्हणाली. “आज जेवूनच येईन. सातला येते, सर.”

लग्न झाल्यापासून तिने त्यांना ‘सर’ म्हटले नव्हते.

“सात? तीन म्हण! गंधाली! अगं, साधा भागाकार—”

बाहेरून कडी लागली. लिफ्टचे दार वाजले.

छातीवर कोणीतरी हळूच हात ठेवावा, तसे सरांना वाटू लागले. त्यांनी मान वळवली. सिलिंडरवरच्या, प्रवाह दाखवणाऱ्या काचेच्या नळीतली गोळी चारवर तरंगत नव्हती. ती दोनवर होती.

त्यांनी चष्मा लावला आणि कागद ओढून घेतला. अक्षर सुरेख होते.

साठा = प्रवाह × काळ.
साठा ÷ काळ = प्रवाह.
काळ, अकरा ते सात = ४८० मिनिटे.
९६० ÷ ४८० = २.

सरांचा हात प्रवाहाच्या खुंटीकडे गेला. खुंटी अगदी हाताशी होती. ती पुन्हा चारवर नेणे लहान मुलालाही जमले असते. पण मग साठा तीनला संपला असता, आणि तीन ते सात या चार तासांसाठी सूत्रात काहीच उरत नव्हते. हात खुंटीवर काही वेळ थांबला आणि रिकामाच परत आला.

त्यांनी कागद पुन्हा पाहिला. मग तिसऱ्यांदा, प्रत्येक पायरीवर लाल पेनाचे टोक टेकवीत. कुठे भागायचे तिथे गुणले असेल, तास आणि मिनिटांची गल्लत झाली असेल, एखादे शून्य गळले असेल. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक सुटली नव्हती. इथे सुटण्याजोगी चूकच नव्हती.

सर्वांत खाली तिने, या वेळी न विसरता, ‘पडताळा’ असे लिहिले होते आणि पुढची जागा सरांसाठी कोरी सोडली होती.