अण्णांची तहान

"सावली समोरच्या भिंतीला टेकल्याशिवाय कॅन बुडवायचा नाही," अण्णांनी पुन्हा एकदा बजावलं. "सकाळचं पाणी जड असतं."

"बरं."

"आणि एकटाच जा. ती जाड चादर घे बरोबर. खालच्या पायरीवर बसशील तेव्हा दगड टोचतो."

"अण्णा, मी पाणी आणायला चाललोय, मुक्कामाला नाही!"

"घे म्हणतो ना."

शिंप्याने मुकाट्याने चादर पिशवीत कोंबली. पन्नाशी उलटली होती, पण वडिलांच्या लेखी तो अजून हट्टी बाळच होता. त्यांनी अंथरूण धरलं तसं त्याने शिलाई मशीन त्यांच्याच खोलीत आणून ठेवलं. दिवसभर पाय मशीनवर आणि कान अण्णांकडे. रात्री कूस बदल, पाणी दे, चादर बदल, पुन्हा पाणी दे. डोळ्याला डोळा लागेल तर शपथ. परवा त्याने एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या आणि वर त्याच्याशीच भांडला.

बहीण अधूनमधून म्हणायची, "चार दिवस मी बघते अण्णांकडे. तू जरा कुठेतरी जाऊन ये." की हा अंगावर धावून जायचा. "मला काय धाड भरलीय?" विश्रांती घे म्हणणारा माणूस त्याला शत्रू वाटायचा.

पण गेल्या आठवड्यात अण्णांनी तोंडाशी आलेला घास बाजूला सारला आणि म्हणाले, "त्या जुन्या पायविहिरीचं घोटभर पाणी मिळालं ना बाळ, तर सुखाने डोळे मिटेन."

झालं! आता नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? विहिरीची ती गोष्ट घरात उगाळून उगाळून गुळगुळीत झालेली. आजोबा असेच पडून होते, अण्णाच त्यांचं सगळं करायचे. एक दिवस आजोबांनी त्या विहिरीचं पाणी मागितलं. अण्णा जाऊन घेऊन आले. आजोबा घोटभर प्यायले, ओठ पुसले आणि म्हणाले, "हीच ती चव." पुढे गेले ते अगदी शांतपणे गेले. आता आपल्या बापाला तेवढंही देता येऊ नये?

बहिणीला निरोप धाडायच्या आत ती स्वतःच दारात हजर झाली. तो निघाला.

बस बदलून, शेताडीतली धुळीची वाट तुडवून तो विहिरीशी पोचला तेव्हा पायांचे तुकडे पडायचे बाकी होते. जमिनीला अचानक तोंड फुटावं तशी ती विहीर. दगडी पायऱ्या खोल खोल गेलेल्या, मधूनमधून खांब, खांबांच्या आड कबुतरांची घुटुर्र. तो गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरला. वरची तलखी मागे राहिली. गारवा अंगाला लागला. शेवटच्या पायरीवर पोचून त्याने कॅनचं झाकण काढलं आणि तसाच उभा राहिला.

खाली वाळका पाचोळा होता. मधोमध एक फुटकी बादली. पाण्याचा टिपूस नाही.

"ओ बाई!" वर काठावर गवत कापणाऱ्या बाईला त्याने हाक मारली. "पाणी कधी आटलं हो?"

"कुणास ठाऊक! मी लग्न होऊन आले तेव्हापासून तरी कोरडीच आहे," ती वाकून म्हणाली. "लांबून आलात?"

तो मटकन खाली बसला. सगळं अंगावर आलं. अण्णांनी या वयात मागून मागून घोटभर पाणी मागितलं, तेही नशिबात नाही. मग एकदम मनात आलं, सुटू दे रे देवा एकदाचा हा माणूस, आणि मलाही सोडव. तो स्वतःच्या विचाराने दचकला आणि ओक्साबोक्शी रडला. तिथे बघायला कबुतरंच होती.

रडून डोकं जड झालं. चादर पसरली, जरा पाठ टेकली.

डोळे उघडले तेव्हा सावली समोरच्या भिंतीला टेकली होती. किती महिन्यांनी तो असा मेल्यासारखा झोपला होता! अंग पिसासारखं हलकं झालं होतं. आणि मग कॅन दिसला, रिकामा. त्याची त्यालाच लाज वाटली. बापाचं पाणी आणायला आलो आणि तंगड्या पसरून घोरत पडलो.

बसथांब्याजवळ एक नळ होता. इकडेतिकडे बघत, चोरी करत असल्यासारखा, त्याने कॅन त्या नळाखाली धरला.

दिवेलागणीला तो घरी पोचला. बहिणीने अण्णांना टेकवून बसवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. शिंप्याने पेला त्यांच्या ओठांना लावला. अण्णांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, सावकाश गिळला. ओठ पुसले.

"हीच ती चव," ते म्हणाले.

शिंप्याची मान खाली गेली. मरणाच्या दारातल्या माणसाला फसवलं आपण. "अण्णा, ते पाणी..."

अण्णांनी हात लांबवून त्याच्या केसांत अडकलेलं वाळकं पान काढलं. बोटांत धरून बघत राहिले.

"खालच्या पायरीवर छान गार वाटतं, नाही? मलाही अशीच गाढ झोप लागली होती. पार सावली भिंतीला टेकेपर्यंत. तुझ्या आजोबांनी बजावलंच होतं तसं."

शिंप्याने मान वर केली.

"मी येताना रस्त्यावरच्या हापशावर भरलं होतं," अण्णा म्हणाले. "तू कुठे भरलंस?"