सावधान

"आत गेल्यावर सावधान व्हायचं नाही," फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेल्या आमच्या ह्यांना मी दारातच बजावलं. "घरी उठता तसं उठायचं. भिंतीला धरून, आई गं म्हणत."

मागच्या तपासणीला फौजेतले डॉक्टरसाहेब दिसताच हे खांबासारखे ताठ उभे राहिले. डॉक्टरांनी लिहून टाकलं, पाठ ठणठणीत. सीमेवर दारूगोळ्याची पेटी उचलताना सरकलेला मणका त्या एका ओळीत बरा झाला! अपंगत्वाची पेन्शन नामंजूर. ह्यांच्या चपलेचा पट्टा मात्र अजून मीच लावते.

आज त्यावरच्या अपिलाची सुनावणी होती. टेबलामागे पिकल्या मिशांचे एक निवृत्त कर्नल बसले होते. हे वाकत, कण्हत खुर्चीपर्यंत पोचले. मी मनातल्या मनात गणपतीला नारळ बोलले.

तेवढ्यात कर्नलांनी विचारलं, "पलटण कोणती?"

झालं! टाच वाजली, छाती पुढे आली, हात कपाळाला गेला. "आठवी पलटण, साहेब!"

जवानाच्या सॅल्यूटला उत्तर द्यायचंच, ही कर्नलांचीही जुनी खोड. तेही ताडकन उठले आणि त्यांच्या कमरेत कट्‌कन आवाज झाला. हात कपाळाला लागलेला, डोळ्यांत पाणी. जागचं हलता येईना.

"लिहा," दात आवळून ते कारकुनाला म्हणाले, "हे दुखणं नोकरीतलंच. अपील मंजूर."

मी ह्यांच्याकडे वळले. घामानं निथळत होते, तरी तसेच ताठ.

"अहो, मिळालं सगळं! आता तरी हात खाली घ्या."

"कसा घेऊ?" हे ओठ न हलवता पुटपुटले. "आधी साहेबांनी घ्यायला हवा ना!"